साग आणि कळलावी

(बंगळूरच्या चामराजपेटेत अनुवादकांच्या मेळाव्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अरण्यविषयक एका इंग्रजी ग्रंथाचा मराठी अनुवाद करताना आलेले अनुभव सांगावेत, अशी आपली सूचना होती. सारे अनुभव सांगावयाचे तर वेळ पुरणार नाही. म्हणून त्या ग्रंथातील दोनच वनस्पतींविषयी बोलतो. एक साग आणि दुसरी कळलावी. साग हा इमारती लाकडाचा राजा, तर कळलावी ही पावसाळ्यात जंगलाच्या कडेने चढणारी एक नाजूक वेल. काम हाती घेतले तेव्हा मला वाटले होते, की वृक्षाचे प्रकरण अवघड जाईल आणि फुलाचे सोपे. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलट.

प्रथम सागाकडे वळू. ही चामराजपेट १८९२ साली वसविली गेली. येथील जुन्या घरांची लाकडी दारे पाहताना सागाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आपण कानडीत त्याला तेग म्हणता, तमिळ आणि मलयाळममध्ये तो तेक्कु आहे, तेलुगूत टेकु. मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला व ‘तेका’ केला. त्याचेच पुढे इंग्रजीत ‘टीक’ झाले. उत्तरेकडे पाहावे तर संस्कृतात त्याला शाक म्हणत. त्यातूनच आपला साग आला आणि अरबांचा ‘साज’ही. संस्कृतात शाक म्हणजे भाजीसुद्धा. पण म्हणून लाकडाऐवजी भाजी जहाजात भरल्याचे कोणी ऐकलेले नाही!

इतक्या भाषा ओलांडूनही या शब्दाचा अर्थ ढळला नाही, याचे कारण उघड आहे. त्यामागे पैसा होता. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. ज्या लाकडावर आरमारे उभी राहत, त्याचे नाव चुकणे परवडणारे नव्हते. पुढे मलबारचा कलेक्टर कॉनोली याने १८४०च्या दशकात नीलांबूर येथे सागाची लागवड सुरू केली आणि चातु मेनन यांनी ती प्रत्यक्षात आणली. तेव्हापासून साग लावला गेला, मोजला गेला, कायद्याने राखला गेला. अनुवादकाला त्याची चिंता करण्याचे काहीच कारण उरले नाही.

आता या दोहोंचे जीवन शेजारी ठेवून पाहा. साग उन्हाळ्यात पाने टाकतो आणि उघडावाघडा उभा राहतो. पावसाबरोबर त्याला मोठमोठी खरखरीत पाने येतात. कोवळे पान हातावर चोळले तर तांबडा रंग उतरतो. पावसाळ्यातच तो फुलतो. पण त्याची इवलीशी पांढरी फुले शेंड्यावरच्या मोठ्या तुऱ्यांत असल्याने खालून जाणाऱ्याचे तिकडे लक्षही जात नाही. कळलावी उन्हाळाभर दिसतच नाही. ती कंदरूपाने जमिनीखाली असते. पाऊस पडला की कोंब वर येतो. तिचे खोड बारीक आणि दुबळे असते. पानाची टोकेच तणाव्यासारखी वळतात आणि मिळेल त्या झुडपाला धरून ती वर चढते. तिच्या फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या असतात. आरंभी हिरवट, मग पिवळ्या आणि अखेरीस ज्वाळेसारख्या लाल. पावसाळा सरला की वेल वाळून जाते.

दोघेही एकाच ऋतूत फुलतात, आणि दोघांनीही आपले रक्षण रसायनांवर सोपविले आहे. सागाच्या गाभ्यातील द्रव्यांमुळे त्याला सहसा वाळवी लागत नाही. कळलावीच्या सर्वांगात कोल्चिसीन नावाचे विष असते. पहिल्याच्या संरक्षणाने माणसाला घर दिले, म्हणून तो माणसाचा लाडका झाला. दुसरीच्या संरक्षणाने माणसाला भय दिले.

मूळ ग्रंथात वनफुलांविषयी एक सर्वसामान्य विधान होते. वृक्षांना पालवी फुटून सावली दाट होण्यापूर्वी वनातील फुले घाईघाईने फुलून घेतात, असे लेखक म्हणतो आणि ब्लूबेलचा दाखला देतो. इंग्लंडपुरते हे अगदी खरे आहे, कारण तेथील वनात झगडा प्रकाशासाठी असतो. आपल्या सागवनात उन्हाळाभर प्रकाश हवा तितका असतो. नसते ते पाणी. म्हणून आपली कितीतरी वनफुले पालवीच्या आधी नव्हे, तर पालवीबरोबर येतात. ते वाक्य मी ‘वसंतात वनफुले फुलतात’ असे उतरवले असते, तर मराठी व्याकरणाने हरकत घेतली नसती. परंतु मेळघाटातल्या वाचकाने ते पुस्तक मिटून ठेवले असते. मी वाक्य इंग्लंडच्या नावे ठेवले आणि शेजारी आपल्या ऋतूंचा खुलासा जोडला.

ही चूक टळली. दुसरी मात्र माझ्या हातून झालीच. ग्रंथात कळलावीचे शास्त्रीय नाव ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ असे होते. पहिल्या मसुद्यात मी तेथे ‘बचनाग’ लिहिले. काही भागांत या वेलीला खरोखरच तसे म्हणतात. परंतु बचनाग म्हणजे हिमालयातील वत्सनाभही. ती सर्वस्वी निराळी वनस्पती आणि तिचे विषही निराळे. वत्सनाभाचा घाला लवकर पडतो आणि तो हृदयावर पडतो. कळलावीचे विष काही तासांनी वांत्या आणि जुलाबांनी प्रकटते व नंतर शरीरातील पेशींची वाढच थांबवते. कळलावीचा कंद रताळे किंवा खाण्याचा रानकंद समजून खाल्ल्याने आपल्या देशात आणि श्रीलंकेत माणसे दगावली आहेत. अशा वेळी रुग्णाने काय खाल्ले, हे वैद्याला अचूक सांगता आले पाहिजे. मुद्रिते तपासताना ही गोष्ट ध्यानात आली, तेव्हा माझ्या अंगावर काटा उभा राहिला. एका शब्दाचा आळस कोणाच्या तरी ताटात जाऊन पडला असता.

मग मी या वेलीची नावे गोळा केली. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी हिचा कंद पूर्वी वापरीत, म्हणून ती कळलावी. कंद नांगरासारखा दुफाट असतो, म्हणून संस्कृतात लांगली. फुलाच्या रंगरूपावरून अग्निशिखा. आणि गौरीच्या सुमारास फुलते, म्हणून कानडीत गौरी हूवु. एका नावाने परिणाम सांगितला, दुसऱ्याने कंदाचा आकार, तिसऱ्याने फूल आणि चौथ्याने महिना. चारही नावे एकत्र केली की वनस्पती ओळखण्याची एक लहानशी पोथीच तयार होते. अनुवादात मी ‘कळलावी’ हे नाव मुख्य ठेवले, बाकीची वाक्यात गुंफली आणि ‘बचनाग’ या नावातील धोका स्पष्ट शब्दांत लिहिला.

आता या वेलीलाही बाजार लाभला आहे. ती तमिळनाडूचे राज्यपुष्प आणि झिंबाब्वेचे राष्ट्रीय पुष्प आहे. तिच्या बियांतून मिळणारे कोल्चिसीन गाउट या सांधेदुखीवर औषध म्हणून देतात, आणि बियांसाठी तमिळनाडूत तिची शेती होते. मात्र लागवडीसाठी लागणारे कंद रानातूनही खणले जातात. सागाला किंमत आली तेव्हा त्याची लागवड झाली. कळलावीला किंमत आली तेव्हा तिच्या मुळावरच घाव बसू लागला.

मित्रहो, सागाचे नाव चुकले तर व्यापारी अनुवादकाला दुसऱ्याच दिवशी जाब विचारील. कळलावीचे चुकले तर जाब विचारणारा कोणी असेलच असे नाही. म्हणून जेथे कोणी विचारणार नाही, तेथेच अधिक विचारपूस करावी, हा धडा मी या कामातून घेतला. आपल्यापैकी कोणी हाच विषय कानडीत नेणार असेल, तर माझी एवढीच विनंती आहे, की कोशात पाहावे, पण तेथेच थांबू नये. मलनाडातल्या, कोडगूतल्या, बेळगावकडच्या माणसांना विचारावे. मिळालेले प्रत्येक नाव कोणत्या तालुक्यातले ते टिपून ठेवावे. आणि एकच नाव दोन वनस्पतींना लागत असेल, तर तसे पानावर छापावे. वाचकाचा आपल्यावर विश्वास असतो. तो राखण्याचा मला ठाऊक असलेला मार्ग इतकाच आहे.