त्याच दुखण्याचा सोबती

(तिरुवलंचुळी येथे दिलेले भाषण)



आपल्या गावच्या श्वेत विनायकाला अभिषेक होत नाही. मूर्ती समुद्राच्या फेसाची मानलेली, म्हणून तिला केवळ कापराची पूड वाहतात. देवाची नाजूक प्रकृती आपण पिढ्यान्‌पिढ्या न लाजता सांभाळीत आलो. ज्या मुलामुलींविषयी मी आज बोलणार आहे त्यांच्या दुखण्याचे नाव मात्र घरातसुद्धा कोणी उच्चारीत नाही.

आतड्याचा हा दीर्घकालीन दाह मुख्यतः दोन प्रकारचा असतो. मोठ्या आतड्यात व्रण पाडणारा तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. दुसऱ्याचे वर्णन बरिल क्रोन आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी १९३२ साली केले. तो क्रोन यांच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे त्यात आणि आतड्याच्या क्षयात फरक करणे अवघड जाते व निदान लांबते. दोन्ही विकार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतात. ते औषधांनी आटोक्यात राहतात, परंतु समूळ जात नाहीत.

मला हा विकार एकोणिसाव्या वर्षी जडला. डॉक्टरांनी औषधे नीट समजावून दिली. पण सल्फासॅलझिनने लघवी नारिंगी होते हे माझ्या ध्यानात राहिले नव्हते, आणि ती पाहून मी घाबरून गोळ्या टाकून दिल्या. पुढच्याच महिन्यात रक्त पडू लागले. रुग्णालयाच्या रांगेत माझ्यापुढे बसलेल्या, वयाने थोड्या मोठ्या गृहस्थाने ते ऐकले आणि तो हसला. त्याचीही तीच गत झाली होती! स्टिरॉइडने सुजलेला चेहरा पुढे ओसरतो, हेही त्यानेच स्वतःकडे बोट दाखवून सांगितले. तंजावरला बसने न जाता पॅसेंजर गाडीने जावे, कारण गाडीत शौचालय असते, हा त्याचा सल्ला. त्या एका वाक्याने माझे कॉलेज वाचले.

अशा सोबतीला जुना आधार आहे. आतड्याचे तोंड पोटावर काढून तेथे पिशवी लावलेल्या रुग्णांनी १९५१ साली न्यूयॉर्कमध्ये एक मंडळ काढले. माउंट सायनाय रुग्णालयातील क्यू आणि टी या वॉर्डांवरून त्याला ‘क्यूटी’ म्हणत. आपल्या देशात ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया १९७५ साली मुंबईत स्थापन झाली. शस्त्रक्रियेला भ्यालेल्या रुग्णाला पिशवीसह नोकरीवर जाणारा माणूस समोर दिसला, की अर्धी भीती तेथेच सरते.

तथापि सोबत्याने वैद्य होऊ नये. स्टिरॉइड एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. मात्रा ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचाच. रक्त, ताप किंवा असह्य पोटदुखी दिसताच रुग्णाला त्यांच्याकडे धाडावे. ज्याचे स्वतःचेच दुखणे उसळले आहे त्याने काही काळ थांबावे. मुलींना सोबतीण हवी. आणि ऐकलेले पोटात ठेवावे. या भागात बातमी कावेरीच्या पाण्याआधी पोहोचते, आणि एखादीचे ठरत आलेले लग्न त्यापायी मोडू शकते. ही शेवटची अट मी सर्वांत कडक मानतो. जो ती पाळणार नाही त्याची मदत मला नको.

सभेनंतर मी मागच्या ओट्यावर बसणार आहे. ज्याला नाव सांगायचे नसेल त्याने सांगू नये, आणि मध्येच उठून जावे लागले तर खुलासाही देऊ नये. शौचालय उजव्या हाताला आहे.