तिच्या नावाची ठेव
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील 'ज्येष्ठांचे मनोगत' या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. ३४ वर्षं बँकेत काढली, त्यामुळे हिशेबात राहीन.

या २५ वर्षांत आपल्या सोसायटीने बरीच माणसं गमावली. तेरावं झालं की प्रत्येक घरात एक प्रश्न येतो, गेलेल्या माणसाच्या नावाने काय करायचं? कोणी शाळेला देणगी देतं, कोणी बागेत बाक बसवतं. आमची ही गेली तेव्हा मुलांनीही विचारलं. मी म्हटलं, आपल्याला काय वाटतं ते राहू द्या, ती रोज काय करायची ते आठवा.

ती रोज संध्याकाळी गेटजवळच्या कुत्र्यांना पोळ्या घालायची. त्यावरून जनरल बॉडीत झालेले वाद आपल्याला माहीत आहेतच. मला स्वतःला कुत्र्यांची भीती वाटते. आजही काळू जिन्यात आडवा पडला असला, की मी वॉचमनला हाक मारतो. पण देणगी माझ्या आवडीने द्यायची नव्हती. म्हणून धाकट्या मुलीला घेऊन भटक्या जनावरांवर उपचार करणाऱ्या एका संस्थेत गेलो.

गाडीखाली पाय सापडलेलं कुत्रं, जखमेत अळ्या झालेलं मांजर, मांज्याने पंख कापलेली घार. यांना मालक नाही, म्हणजे बिल भरणारंही कोणी नाही. तिथल्या ताई म्हणाल्या, "काका, पुण्यतिथीला देणगी येते, पण औषधं बारा महिने लागतात." ही भाषा मला कळते. मी दोन लाखांची एफडी केली, मुलीबरोबर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. सात टक्के धरले तर वर्षाचे १४,००० म्हणजे तिमाहीला ३,५०० रुपये संस्थेच्या खात्यात जातात. मुद्दल शाबूत. उद्या मी नसलो तरी व्याज थांबणार नाही.

कोणाला असं काही करायचं असेल तर संस्थेचं ८०जी प्रमाणपत्र आणि ऑडिट झालेले हिशेब जरूर मागा. २,००० रुपयांवर रोख दिलंत तर करसवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही. जुन्या चादरी दिल्या तर सवलत मिळत नाही, पण पिंजऱ्यात अंथरायला त्या लागतात, तेव्हा द्या.

एक नातेवाईक म्हणाले, माणसं सोडून कुत्र्यांना? मी विचारलं, श्राद्धाला गायीचा, कावळ्याचा, कुत्र्याचा घास आपण का काढतो? रामेश्वरासाठी नेत असलेली गंगेची कावड नाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट आपण नातवंडांना सांगतोच ना? परळचं जनावरांचं मोठं हॉस्पिटल १८८३ सालचं. सर दिनशॉ पेटिट यांच्या पत्नीचं, बाई साकरबाईंचं नाव त्याला आहे. त्या दारातून आजही जखमी जनावर आत जातं.

आता कमिटीला एक विनंती. २०२३ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी करून, रेबीजची लस देऊन त्यांना पुन्हा त्याच जागी सोडायचं असतं. कानाला खाच असलेलं कुत्रं म्हणजे नसबंदी झालेलं. खाणं घालायची जागा सोसायटीने ठरवावी, ती मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, गेटपासून लांब असावी, असंही त्यात आहे. म्हणजे घालणारे आणि घाबरणारे, दोघांचीही सोय. मी दुसऱ्या गटातला आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

हिच्या नावाचा बाक नको. पंपरूमच्या मागची जागा ठरवा, तिथे पाण्याचं एक भांडं ठेवा. ते रोज भरायचं काम माझ्याकडे. फक्त सुरुवातीला वॉचमनला माझ्यासोबत पाठवा.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.