दवाखान्याला कुलूप लावण्यापूर्वीं

आमच्या तालुक्याच्या गांवीं एक डॉक्टर होते. हाताला गुण, बोलणें गोड. माझे थोरले बंधू वीस वर्षें त्यांचेंच औषध घेत. एके सोमवारीं ते नेहमीप्रमाणें गेले, तों दाराला कुलूप! शेजारचा शिंपी म्हणाला, "डॉक्टर मुलाकडे राहावयास गेले, आतां येणार नाहींत." नव्या डॉक्टरांनीं विचारलें, "पूर्वीं कोणतें औषध सोसलें नव्हतें?" बंधूंना नांव आठवेना. तेंच औषध पुन्हां पोटांत गेलें. अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. आठ दिवस इस्पितळांत काढून ते वांचले. तें नांव लिहिलेला कागद त्या कुलपाआड पडून होता.

डॉक्टरांस मी दुष्ट म्हणत नाहीं. वृद्धपणीं विसाव्याचा अधिकार त्यांसही आहे. परंतु शाळा सोडतांना मींदेखील हजेरीपट व दाखल्यांचीं पुस्तकें पुढच्या मास्तरांच्या हातीं मोजून दिलीं होतीं. मग रोग्यांचे कागद का दिले जाऊं नयेत?

याविषयीं भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ सालचे नियम आहेत. हातीं घेतलेला रोगी, त्यास व त्याच्या कुटुंबीयांस पुरेशी पूर्वसूचना दिल्यावांचून सोडूं नये, असें ते सांगतात. डॉक्टरांस स्वतःची जाहिरात वर्ज्य आहे. पण पत्ता बदलल्याचें वृत्तपत्रांत कळविण्यास तेच नियम मोकळीक देतात. दाखल केलेल्या रोग्यांचे कागद उपचारारंभापासून ३ वर्षें जपावे, आणि मागणी होतांच ७२ तासांच्या आंत द्यावे, असेंही त्यांत आहे.

पुढचें काम माणुसकीचें. दोन महिने आधीं दारावर पाटी लावावी. मधुमेह, रक्तदाब, क्षय अशा नित्य औषधाच्या रोग्यांस बोलावून रोग, औषध, मात्रा आणि न सोसणारीं औषधें एका कागदावर लिहून द्यावीं. कागद दुसऱ्या डॉक्टरांकडे सोपवावयाचे, तर रोग्याची संमति घ्यावी. मुदत संपलेले कागद नष्ट करावे. रद्दीवाल्यास मात्र विकूं नयेत. त्यांत परक्याचीं गुपितें असतात.

आणि श्रोतेहो, आपणही आपल्या औषधांचा एक कागद घरांत जपून ठेवावा. बंधूंच्या सदऱ्याच्या खिशांत आतां तो सदैव असतो. वीस वर्षांच्या विश्वासापोटीं डॉक्टरांनीं तो जातांना स्वहस्तें दिला असता, तर त्यांची आठवण आमच्या घरीं आजही आदरानें निघाली असती.