मुक्या जनावरांचा प्रवास आणि आपण
(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, हुंडा, सामुदायिक विवाह, वसतिगृह अशा विषयांवर विद्वान मंडळींची भाषणे होत असतात. आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिक झालो, अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि खेड्यापाड्यांतील शाळांतून मुलांस बाराखडी व पाढे शिकविण्यात उमेदीची सर्व वर्षे घालविली. चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा ‘गुरांची वाहतूक’ असे आम्ही सांगताच त्यांस ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. गुरांवर ज्या समाजाचे पोट चालत आले, त्याच्या संमेलनात गुरांविषयी कोणी बोलत नाही, याचेच आम्हांस नवल वाटत आले आहे.

आपण गवळी. आर्वी, कारंजा, आष्टी या भागांतील टेकड्यांच्या आश्रयाने आपल्या पूर्वजांनी गवळाऊ जात जोपासली. पांढरा रंग, सडपातळ बांधा, हलके पाय आणि चपळ चाल. मराठ्यांच्या काळी डोंगराळ मुलुखातून सामानाची जलद ने-आण करण्यास हीच जनावरे उपयोगी पडत, असे सांगतात. म्हणजे जे जनावर एके काळी दुसऱ्याचे ओझे वाहून नेण्यात नावाजलेले होते, त्यासच आज ओझ्यासारखे नेण्यात येते. या जातीची संख्या घटत चालली आहे. तिच्या पैदाशीसाठी सरकारने कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे प्रक्षेत्र ठेवले आहे, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहेच.

आमच्या लहानपणी गुरे बाजारास पायी जात. वडिलांबरोबर आम्हीही गेलो आहो. पहाटे चांदणीवर निघावयाचे, ऊन चढले की नाल्याकाठच्या आंब्याखाली थांबावयाचे, बैलांस पाणी दाखवावयाचे, बांधून आणलेला कडबा टाकावयाचा आणि उन्हे कलली की पुन्हा चालू लागावयाचे. लांब जावयाचे असल्यास आधी नालबंदाकडून नाला ठोकून घेत. दोन मुक्काम पडले तर पडत. त्या काळी सर्व काही गोड होते असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. लंगडत चालणारी म्हातारी गुरे आणि पराणीचे वळ आम्ही तेव्हाही पाहिले आहेत. परंतु हाकणारा जनावराबरोबर स्वतः चालत असे. त्याचे पाय पोळत, तेव्हा बैलाचे खूर पोळत आहेत हे त्यास कोणी सांगावे लागत नसे.

पुढे मोटार आली. हाकणारा चालकाशेजारी सावलीत बसला आणि जनावर मागे उभे राहिले. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

आता आम्ही आमच्याच घरची गोष्ट सांगतो. ती सांगावयास आम्हांस सुख होत नाही. २०११ साली वडील वारले. आम्ही नोकरीवर, भावाचा जीव शेतीत नाही, म्हणून शेत मक्त्याने दिले आणि गोठ्यातील जोडी विकण्याचे ठरले. हरण्या आणि चांद्या. दोघेही वडिलांच्या हातचे, गोऱ्हे असल्यापासून दावणीला वाढलेले. चैत्राचे दिवस होते. बाजारात एका हेड्याशी अडतीस हजारांस सौदा झाला. आदिलाबादकडच्या शेतकऱ्यास जोडी पाहिजे आहे, कामाला जाईल, असे तो म्हणाला. आम्हांस बरे वाटले.

दुपारी दीडच्या सुमारास भरणी सुरू झाली. चढविण्यास ओटा नव्हता. रस्त्याकडेच्या बांधास ट्रकची मागची बाजू लावली होती आणि मधल्या फटीवर एक फळी टाकली होती. फळी हलत होती. बैल अशा फळीवर पाय देत नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. पायाखालची पोकळी त्यास दिसते. हरण्या अडला. एकाने वेसण ओढली, दुसऱ्याने शेपटी पिरगाळली, तिसऱ्याने काय केले ते आम्ही पाहिले नाही. कारण आम्ही पाठ फिरविली होती. आम्ही नोटा मोजीत होतो. एकदा मोजून झाल्यावर आम्ही त्या पुन्हा मोजल्या, हे आजही लख्ख आठवते. त्या गाडीत एकूण अकरा बैल होते, हा आकडाही आम्हांस दुसऱ्या दिवशी कळला.

रात्री अकरा वाजता दूरध्वनी आला. आमचा एक जुना विद्यार्थी हिंगणघाटच्या पुढे, वडनेरच्या बाजूस, महामार्गावरील एका ढाब्यावर कामाला होता. “गुरुजी, इथं एक गाडी बंद पडली हाय. तुमच्या चांद्याच्या शिंगाच्या शेंब्या मी वयखल्या जी. दुसरा खाली पडला हाय. लवकर या.” पोळ्याला आमच्याकडे जेवावयास येणारे पोर ते, त्याने शेंब्या ओळखल्या. आम्ही भावास घेऊन निघालो.

गाडी संध्याकाळपासून उभी होती. मध्येच कोणी तरी ती अडविली होती, बाचाबाची झाली होती, माणसे जमली होती आणि पांगलीही होती. या सर्व गडबडीत गाडीतील जनावरांस कोणी बादलीभर पाणी दाखविले नव्हते. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण गाडी अडविली म्हणजे जनावराची सेवा झाली असे समजणारे तरुण आपल्यातही आहेत. उभ्या गाडीत वारा लागत नाही. चालत्या गाडीपेक्षा तीत जनावर अधिक तापते. ज्यास खरोखर दया आली, त्याने पोलिसांस कळवावे आणि पहिल्याने पाणी आणावे. हातापायांवर येऊन काय साधते, ते आम्हांस समजलेले नाही.

हरण्या तळाशी होता. दाटीत एकदा जनावर बसले की त्यास उठता येत नाही, कारण पाय रोवण्यास जागा उरत नाही. दुसऱ्यांचे खूर त्याच्या अंगावर पडतात आणि तेही घसरून कोसळतात. गाडीचा तळ लोखंडी, त्यावर शेण आणि मूत. खाली काथ्याची चटई नाही की गव्हाचे काड नाही. त्याचा मागचा पाय मोडला होता. ढाब्यावरच्या पोरांनी टाकी आणली. इतर दहांनी ज्या रीतीने पाणी ओढले, तो आवाज आम्ही विसरलो नाही. पशुवैद्यांनी पाहून मान हलविली. पहाटेपूर्वी हरण्या गेला. चांद्याला आम्ही एकवीस हजार देऊन परत आणले. जोडी विकून हाती राहिले सतरा हजार आणि एक बैल.

हेड्यास शिव्या देण्याचा मोह आम्हांस त्या रात्री झाला आणि आम्ही त्या दिल्याही. परंतु दुसऱ्या दिवशी विचार केला तेव्हा असे दिसले की, फाळका लागला तेव्हा आम्ही तेथेच, वीस पावलांवर उभे होतो.

आमचा स्वभाव मास्तरकीचा. झालेल्या गोष्टीविषयी पुस्तकात काय लिहिले आहे ते पाहिल्यावाचून राहवत नाही. तेव्हा कळले की नियम नाहीत असे मुळीच नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा. त्यासाठी श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खटपट केली होती, आणि १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याच त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. या अधिनियमाखाली १९७८ साली प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम झाले. एका मालमोटारीत सहापेक्षा अधिक गुरे नकोत. तळाशी न घसरणारे अंथरूण हवे. गुरांबरोबर दुसरा माल भरू नये. शक्य तो जनावराचे तोंड इंजिनाकडे असावे. बरोबर एक माणूस, वाटेसाठी चारा व पाणी, आणि प्रवासास जनावर योग्य आहे असा पशुवैद्याचा दाखला. भरण्यापूर्वी त्यास खाऊपिऊ घालावे. रेल्वेच्या रुंद मार्गाच्या डब्यात दहा मोठी गुरे, मीटर मार्गाच्या डब्यात सहा, आणि पुलगाव-आर्वीची आपली जी छोटी गाडी होती, तसल्या अरुंद मार्गाच्या डब्यात चार, इतका बारीक हिशेब त्यात आहे. पुढे मोटारवाहन नियमांतही भर पडली आणि गाय-म्हशीस प्रत्येकी दोन चौरस मीटर जागा देणारे कप्पे गाडीत असावेत असे २०१६ पासून ठरले.

पायी नेण्याचेही नियम २००१ साली झाले. दिवसाकाठी गाईबैलांस तीस किलोमीटरपेक्षा अधिक चालवू नये, दर दोन तासांनी पाण्यासाठी व चार तासांनी चाऱ्यासाठी थांबावे, आणि हवा तीस अंशांहून अधिक तापली असता चालवूच नये. हा शेवटचा नियम वाचून आम्हांस हसू आले. वर्धेचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांस जातो. परंतु आमचे वडील नियम न वाचता दुपारी आंब्याखाली थांबत, ते याच कारणाने.

हे सर्व असून अकरा बैल एका गाडीत कसे जातात? एक कारण दंडाचे. १९६० च्या अधिनियमाने पहिल्या अपराधास दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपयांचा. दुसरे कारण भाड्याचे, आणि ते आपण प्रामाणिकपणे समजून घेतले पाहिजे. उदाहरणादाखल, गाडीचे भाडे बारा हजार धरा. बारा जनावरे भरली तर प्रत्येकी एक हजार पडतात, सहा भरली तर दोन हजार. हा वरचा हजार हेडी आपल्या खिशातून देणार नाही, तो आपल्या बैलाच्या किमतीतून कापील. तेव्हा नियम पाळला जावा असे म्हणणाऱ्याने हजार रुपये कमी घेण्याची तयारी ठेवावी. पोरीचे लग्न किंवा सावकाराचा तगादा अंगावर असलेल्या शेतकऱ्यास हे सांगणे सोपे नाही. आम्ही पगारी माणूस होतो, आम्हांस ते सोपे होते, आणि तरीही आम्ही केले नाही.

आपल्या जिल्ह्यास गोसेवेचे मोठे नाव आहे. १९४१ साली वर्धेस गोसेवा संघ निघाला. जमनालालजी बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे महिने या कार्यास वाहिले आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले. पवनारच्या विनोबांच्या प्रेरणेने १९८२ साली मुंबईस देवनारचा सत्याग्रह सुरू झाला. या थोरांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु आमचे नम्र मत असे की, आपल्या लोकांची सारी चर्चा गाय जगावी की मरावी याभोवतीच फिरत राहिली. गोठा आणि शेवटचे ठिकाण यांमध्ये जो रस्ता आहे, त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. बैल शेतावर जावो, म्हैस दुसऱ्या गोठ्यात जावो, की बकरा खाटकाकडे जावो, रस्त्यातील तहान सर्वांस सारखीच लागते. बाजारातून सायकलच्या दांड्यास उलट्या टांगून नेलेल्या कोंबड्या आपण रोज पाहतो. त्यांविषयी तर कोणी ब्रही काढीत नाही.

परदेशांतही हे सहज झाले नाही. अमेरिकेत रेल्वेने जाणाऱ्या गुरांस अठ्ठावीस तासांहून अधिक काळ चारा-पाणी व विश्रांतीवाचून ठेवू नये, असा कायदा १८७३ साली करावा लागला. तिकडील व्यापारीही देवमाणसे नव्हती, हे यावरून दिसते.

मागे आम्ही हा विषय काढला तेव्हा आमच्या एका व्याह्यांनी विचारले, “गुरुजी, विकलेलं जनावर आपलं कुठं राहते? पैसे घेतले, दावं सोडलं, संपलं.” प्रश्न व्यवहाराचा आहे आणि व्यवहारात त्यांचे म्हणणे बरोबरही आहे. आम्ही त्यांस इतकेच विचारले, “मुलगी दिल्यावर तिला गाडीत बसवून देण्यास आपण वेशीपर्यंत जाता की नाही?” ते रागावले. मुलीची आणि बैलाची तुलना त्यांस रुचली नाही. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यास तूप-हळद लावून त्यास जेवणाचे आमंत्रण देणारे आपणच ना? ज्यास पाहुणा म्हणून बोलाविले, त्यास वेशीपर्यंत पोचविण्यास कमीपणा कसला?

तेव्हा आम्ही मागतो ते फार नाही. विकणाऱ्याने गाडी भरून होईपर्यंत तेथून हलू नये. सौद्याच्या वेळीच गाडीत किती भरणार ते विचारावे. दाखला डोळ्यांनी पाहावा. होळी झाल्यापासून मृग लागेपर्यंत दुपारची भरणी होऊ देऊ नये. सूर्य कलल्यावर निघालेली गाडी पहाटेपर्यंत पुष्कळ लांब जाते. गाभण, आजारी आणि लंगडे जनावर दूरच्या गाडीत देऊच नये, मग हेडी कितीही भाव देवो. हेडीही आपल्यासारखाच पोटासाठी फिरतो. दहा विकणारे उभे राहून पाहत आहेत असे दिसले, तर अकरावा बैल चढविताना त्याचा हात थांबेल, असा आमचा अनुभव आहे. गेल्या काही वर्षांत आम्ही बाजारात असे उभे राहिलो. एकटे असताना आमचा उपहास झाला. तिघे होतो तेव्हा झाला नाही.

दुसरी गोष्ट ओट्याची. आमच्या गावच्या बाजारात ट्रकच्या तळाइतका उंच आणि बैल सहज चढेल इतक्या उताराचा मातीचा ओटा आम्ही व शाळेतील काही माजी विद्यार्थ्यांनी मिळून घातला. एका बाजूस पाण्याचे टाके बांधले. पहिल्या पावसाळ्यात ओटा अर्धा वाहून गेला. पुन्हा घातला. आता तो दगडांनी बांधून काढावयाचा आहे. दगड एका सद्गृहस्थांनी आपल्या शेतातून देऊ केले आहेत, मजुरी व सिमेंट तेवढे उरले आहे. समाजाच्या निधीतून काही देता येईल काय, हा ठराव आम्ही चिटणीसांकडे लेखी दिला आहे. उद्या सकाळच्या बैठकीत तो यावयाचा आहे.

चांद्या परत आला तो पुढे पाच वर्षे जगला. मोटारीचा आवाज ऐकला की तो दावणीत उभा राही, आणि गाडी दूर जाईपर्यंत बसत नसे.