बिऱ्हाड कोणी हलवायचे?

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



नाशिकरोड स्थानकावर सकाळी सातच्या सुमारास पंचवटी एक्स्प्रेसची वाट पाहत जी गर्दी उभी असते, तिच्यातील पासधारकांची दिनचर्या सर्वांच्या परिचयाची आहे. १९७५ साली ही गाडी सुरू झाली, तेव्हापासून घर नाशकात आणि नोकरी मुंबईत असा संसार अनेकांनी केला. अंतर सुमारे एकशे नव्वद किलोमीटर. कसाऱ्याचा घाट उतरून मुंबई गाठायला साडेतीन तास. आठ तासांच्या कामासाठी सात तासांचा प्रवास कोणी हौसेने करीत नाही. जोडीदाराची नाशकातील नोकरी, मुलांची शाळा, वृद्ध आईवडिलांची आजारपणे आणि मुंबईतील घरभाडे यांचा मेळ दुसऱ्या कोणत्याही रीतीने बसत नाही, म्हणून माणसे आपली झोप आणि आपले आयुष्य त्या गाडीला देऊन टाकतात.

पती-पत्नींची कामे दोन दूरच्या शहरांत असली, तर बिऱ्हाड कोठे थाटावे? हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून कार्यकर्ते तो बाजूला सारतात. हा समज तपासून पाहिला पाहिजे.

असे एक जोडपे कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. पती सातपूरच्या कारखान्यात कायम कामगार आहे. पत्नी पुण्याच्या एका बँकेत नोकरी करते. लग्न ठरले की घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, ‘सुनेने नाशिकला बदली मागून घ्यावी, न मिळाली तर पुढे पाहता येईल.’ ‘पुढे पाहता येईल’ याचा अर्थ राजीनामा, हे सर्वांना ठाऊक असते. पतीचा पगार अधिक असेल, तर पगाराचा दाखला दिला जातो. पत्नीचा पगार अधिक असेल, तर पगाराचे नाव निघत नाही. मग रीतीचा दाखला दिला जातो. कारणे बदलतात, निष्कर्ष तेवढा बदलत नाही. ज्या हिशेबाचे उत्तर आधी ठरलेले असते, त्याला हिशेब म्हणता येत नाही.

न्यायालयांनीही बराच काळ हेच उत्तर दिले. पत्नीने पतीच्या घरी नांदले पाहिजे, यासाठी दावा लावण्याची सोय इंग्रजी अमलात येथे आली. रखमाबाईंवर त्यांच्या पतीने १८८४ साली मुंबईत असाच दावा लावला. १८८७ साली न्यायालयाने नांदायला जाण्याचा हुकूम दिला, तेव्हा त्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी त्यांनी दाखवली. त्यांच्या नकाराचे कारण नोकरी हे नव्हते. पण बाईने कोठे राहावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा मूळ प्रश्न त्यांनी उभा केला. १९५५ सालच्या हिंदू विवाह कायद्यात सहजीवनाच्या पुनःस्थापनेचे हे कलम कायम राहिले आणि ते दोघांनाही सारखेच खुले झाले. पुढे अशा दाव्यांत नोकरदार पत्नी दिसू लागल्या. १९७७ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने एका शिक्षिकेच्या प्रकरणात असे ठरवले, की घर कोठे असावे हे ठरवण्याचा अधिकार पतीचा आहे आणि पत्नीची नोकरी हे वेगळे राहण्याचे पुरेसे कारण नव्हे.

पुढच्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात न्या. व्ही. एस. देशपांडे यांनी स्वराज गर्ग यांच्या प्रकरणात वेगळी वाट धरली. या बाई पंजाबातील सुनाम येथे शाळेत नोकरीला होत्या. पती दिल्लीत होते. घराची जागा निवडण्याचा एकतर्फी अधिकार पतीला देणारा कोणताही कायदा नाही. तसा अधिकार मानणे संविधानातील समतेला सोडून होईल. हा निर्णय दोघांनी संमतीने घ्यायचा आहे आणि त्यात कोणाचेही मत निर्णायक नाही, असा त्या निकालाचा आशय होता. ज्या दिवाणखान्यात सुनेच्या राजीनाम्याची भाषा चालते, तेथे १९७८ सालचा हा निकाल अजून पोहोचलेला नाही.

परंतु दोष केवळ कुटुंबाच्या माथी मारणे हा अर्धा न्याय झाला. माणूस कोठे राहतो, हे बहुधा काम कोठे आहे यावर ठरते. आणि काम कोठे असावे, हे कामगार ठरवीत नाही. गिरणगावातील कामगार खानावळीत जेवला आणि त्याची पत्नी रत्नागिरी-साताऱ्याच्या गावी मनिऑर्डरीची वाट पाहत राहिली. कुटुंबासह राहता येईल असे घर त्याच्या मजुरीत बसत नव्हते, आणि गावची शेती व घर पत्नी सांभाळत होती म्हणून ती मजुरी अपुरी असूनही चालत होती. बीडच्या ऊसतोडणी कामगाराची गोष्ट याच्या उलट. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो; मुकादम उचल देतो ती जोडीला. म्हणून जोडपे एकत्र राहते, पण पालात, आणि मुलांची शाळा मागे सुटते. नाशिक जिल्ह्यातच पेठ-सुरगाण्याची आदिवासी जोडपी द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर उतरतात. त्यांना बिऱ्हाडाची निवड कोण विचारतो? एका ठिकाणी मालकाच्या सोयीने जोडपे तुटते, दुसऱ्या ठिकाणी त्याच्याच सोयीने बांधले जाते.

नाशिकची वाढ पाहिली तरी हेच दिसते. नाशिकरोडचे छापखाने, ओझरचा विमान कारखाना, सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती यांमुळे हजारो कुटुंबे येथे आली. मुंबई, पुणे आणि नाशिक यांना सुवर्ण त्रिकोण म्हणण्याची पद्धत पडली. पण या त्रिकोणाच्या दोनच बाजूंना थेट रेल्वे आहे. पुण्याहून नाशिकला येणारा माणूस खेड, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा दोनशे किलोमीटरांहून अधिक रस्ता तुडवतो. थेट लोहमार्गाची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे त्याची आखणीही वादात सापडली. भांडवलाला त्रिकोण मिळाला. शनिवारी रात्री घरी येऊ पाहणाऱ्या बाईला खड्डे आणि घाट मिळाले.

शासनाने या प्रश्नाची दखल घेतलीच नाही, असे म्हणता येणार नाही. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्रीय योजना १९७२-७३ पासूनची आहे. पती-पत्नींची नेमणूक शक्यतो एकाच ठिकाणी व्हावी, अशा सूचना केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांबाबत १९८६ साली काढल्या आणि २००९ साली त्या अधिक कडक केल्या. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या २०१७ सालच्या बदली धोरणात पती-पत्नी एकत्रीकरणाचा वेगळा वर्ग करण्यात आला आणि तीस किलोमीटरांची मर्यादा धरली गेली. बदलीचे धोरण आखताना कौटुंबिक जीवनाचा विचार झाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ साली सांगितले. मात्र बदलीच्या या सवलती सरकारी नोकरीच्या कुंपणाआतल्या आहेत. खाजगी कारखान्यातील कामगार, कंत्राटी परिचारिका, तासिका तत्त्वावरील प्राध्यापिका यांच्यापर्यंत त्यांतले काही पोहोचत नाही. आणि आज काम वाढते आहे ते याच वर्गांत.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. दोन शहरांत दोन घरे मांडणे हा संसार कसला? मुलांचे काय? आक्षेप खोटा नाही. दोन भाडी परवडत नाहीत, एकटेपणा माणसाला पोखरतो, आणि मूल ज्याच्याजवळ राहते त्याच्यावर दुहेरी भार पडतो, बहुधा तिच्यावर. कल्याण किंवा संगमनेर असा मधला मुक्काम शोधला, तर दोघेही प्रवासात झिजतात. म्हणून वेगळे राहणे हा आदर्श ठरवण्याचे कारण नाही. कोणा एकाला नोकरी सोडावी लागेल, असेही घडेल. पण ती कोणी सोडायची हा प्रश्न खरोखर खुला असला पाहिजे. यंदा एकाने बदली घेतली, तर पुढची पाळी दुसऱ्याची. ज्याने नोकरी सोडली, त्याच्या त्यागाची नोंद घराच्या कागदावर दोघांच्या नावांनी व्हावी. कौतुकाच्या दोन शब्दांनी ती फिटत नाही.

कामगार संघटनांच्या मागणीपत्रात पगार, बोनस आणि महागाई भत्ता यांच्या जोडीला बदलीचा प्रश्न आला पाहिजे. जोडीदाराच्या गावी बदली मागणाऱ्याचा अर्ज ठरावीक मुदतीत निकालात निघावा आणि नकाराची कारणे लेखी मिळावीत. औद्योगिक वसाहतींत महिलांची वसतिगृहे व पाळणाघरे असावीत. नाशिक-पुणे लोहमार्गाचा आग्रह मालवाहतुकीसोबत माणसांसाठीही धरला जावा. यांतली एकही मागणी आकाशातील नाही.

आणि एक गोष्ट कोणत्याही मालकाकडे मागावी लागत नाही. समतेवर व्याख्याने देणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरांतही पूर्णवेळ कार्य पतीचे आणि घर चालवणारी नोकरी पत्नीची, अशी वाटणी जुनी आहे. तिच्या पगारावर चळवळ चालली, आणि तरीही तिच्या बदलीचा हुकूम आला तेव्हा बिऱ्हाड हलवण्याचा विचार किती घरांत झाला? या अभ्यासवर्गातून घरी गेल्यावर प्रत्येकाने हा प्रश्न प्रथम आपल्या घरात विचारावा, आणि उत्तर आधी ठरवून विचारू नये.