आधी पट्टा, मग पीक
(शेंद्रा येथील बैठकीत मांडलेलं म्हणणं)

साथींनो,

कन्नड-सोयगावच्या डोंगरातून शेंद्र्याच्या कंपन्यांत कामाला आलेली आपली पोरं विचारतात, "हेम्पची शेती कायदेशीर करा म्हणतात. आपण वनजमिनीवर लावायची का?" आम्ही काय ठरवलं ते सांगतो.

हेम्प म्हणजे गांजाच्याच जातीचं झाड, पण नशा जवळपास नसलेलं. सालीचा धागा निघतो, बियांचं तेल. आपली अंबाडी वेगळी. तिची भाजी खातो, दोऱ्या वळतो, तिला परवाना लागत नाही. पानं मात्र दोन्हींची सारखी दिसतात.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम १४ प्रमाणे धागा आणि बियांसाठी सरकार ही शेती करू देऊ शकतं. उत्तराखंडात २०१८ पासून परवाने दिले. तिथं नशेचं द्रव्य ०.३ टक्क्याच्या आत पाहिजे. हे पान बघून कळत नाही, प्रयोगशाळेत तपासावं लागतं. खर्च कोण करणार? आकडा वर गेला तर पोलीस कुणाच्या दारात येणार?

बिनपरवाना लावलं तर कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी, १ लाखापर्यंत दंड. दुसऱ्यानं आपल्या जमिनीत चोरून लावलं आणि आपण माहीत असून गप्प बसलो, तर कलम ४६ प्रमाणे आपणही गुन्हेगार.

परवाना मागायला गेलो की पहिला प्रश्न, जमीन कुणाची? २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसणाऱ्या आदिवासीला ४ हेक्टरपर्यंत हक्क दिला. पण ज्याचा दावा पडून आहे, त्याच्या हातात नुसती पोच. म्हणजे कंपनीला परवाना आणि आपल्याला केस!

पिकाला आमचा विरोध नाही. आमचं मागणं असं:
१) पडून असलेले दावे आधी निकाली काढा.
२) वनपट्टा हा परवान्यासाठी पुरावा धरा.
३) वनगावात ग्रामसभेच्या ठरावाशिवाय परवाना नको. तपासणीचा खर्च सरकारनं करावा.

तोवर कुणी फुकट बियाणं दिलं तर घेऊ नका. करारावर अंगठा मागितला तर आधी कागद ग्रामसभेत वाचून घ्या. पट्टा वारसाला मिळतो, पण विकता येत नाही, हे विसरू नका. रानात संशयाचं झाड दिसलं तर वनहक्क समितीला सांगा, ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या.

अंबाडी मात्र खुशाल लावा.

जिंदाबाद!