गावठाणाचा ताबा वैशाखात घ्या

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



प्रकल्पग्रस्तांचा मेळावा म्हटला की पहिला प्रश्न येतो तो मोबदल्याचा. एकरी किती, पर्यायी जमीन कोणत्या गटात, वाढीव रक्कम कधी. हे प्रश्न खरे आहेत. त्यांच्यासाठी आपण रस्त्यावर बसलो आणि पुढेही बसू. पण आज आम्ही त्यावर बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते नव्या गावठाणातले पाणी, संडास आणि घर यांबद्दल. आपल्यातल्या काही गावांना ताबा घेण्याच्या नोटिसा आल्या आहेत. सही करण्यापूर्वी काय पाहायचे हे आज ठरले नाही, तर पुढची तीस वर्षे त्याची किंमत बायका डोक्यावरच्या हंड्याने मोजतील.

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावठाणाचा ताबा घ्यायला आम्हीच लोकांना सांगितले. महिना श्रावणाचा होता, विहीर काठोकाठ भरलेली, गटारे नवीकोरी. पेढे वाटले. होळी झाली आणि विहिरीचा तळ दिसू लागला. तेव्हा एक म्हातारी आम्हाला म्हणाली, "सातबारा दहा वेळा वाचलात, विहिरीत एकदा वाकून बघितलं असतंत तर?" आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे. पावसाळ्यात भरलेली विहीर म्हणजे बारमाही पाणी नव्हे, हे आम्हाला शिकवायला नको होते. पण सगळे लक्ष जमिनीच्या लढ्यात होते आणि गावठाण आम्ही ठेकेदारावर सोडून दिले.

कायदा काय म्हणतो? कोयनेचे पाणी अडले तेव्हा महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो आला १९७६ साली, तोही धरणग्रस्तांच्या चळवळीच्या रेट्याने. आज १९९९ चा महाराष्ट्राचा अधिनियम आहे. पिण्याचे पाणी, शाळा, रस्ते, वीज, गटारे, संडास, स्मशानभूमी अशा ज्यांना आपण नागरी सुविधा म्हणतो, त्या त्यात लिहिलेल्या आहेत. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे पाटबंधारे प्रकल्पात पुनर्वसन बुडिताच्या सहा महिने आधी पूर्ण झाले पाहिजे. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही आपली घोषणा कायद्यात उतरली आहे. पण कायद्यात 'विहीर' लिहिलेले असते, तिला मे महिन्यात पाणी किती ते आपल्यालाच पाहावे लागते.

आता हिशेब मांडू. ग्रामीण नळयोजनेचे माप सध्या माणशी रोज ५५ लिटर आहे. शंभर घरांचे, पाचशे माणसांचे गाव धरा. रोजचे २७,५०० लिटर झाले. पण आपल्या गावात फक्त माणसे राहतात काय? दीडशे मोठी जनावरे असतील आणि जनावरामागे ४० लिटर धरले, तर आणखी ६,००० लिटर लागतात. दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात याहून जास्त लागते. हे पाणी योजनेत धरलेले नसेल तर ते माणसांच्या वाट्यातून जाते, नाहीतर जनावरे बाजारात जातात. विस्थापिताचे गोठे रिकामे का होतात, त्याचे एक उत्तर इथे आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. गावठाणासाठी पुष्कळदा लाभक्षेत्रातली काळी जमीन मिळते. कापसाला ती सोने आहे, घराला मात्र वैरी. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भेगाळते. पाया मुरुमापर्यंत नेला नाही तर दोन पावसाळ्यांत भिंतीला चीर पडते. संडासाच्या शोषखड्ड्याचेही तेच. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, खड्डा तुंबतो. भोवती वाळूचा थर द्यावा लागतो. कालव्याच्या पाझराने भूजल वर आले असेल तर खड्ड्यातली घाण थेट विहिरीत उतरते. म्हणून विहिरीपासून खड्डा निदान १० मीटर लांब हवा, पाणी वर असेल तिथे त्याहून लांब. जमले तर दोन खड्ड्यांचा संडास मागा. एक भरला की दुसरा चालू करायचा आणि भरलेला दोन वर्षे बंद ठेवायचा. नंतर निघते ते वास नसलेले खत. शेतकऱ्याला हे पटायला वेळ लागू नये.

घराबद्दल किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाचे ओझे, त्याखाली माणसे झोपेत दबली. पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली. नवी घरे भूकंपाला टिकतील अशी बांधली, ही मोठीच गोष्ट होती. पण घराचे आकारमान जमिनीच्या मालकीवर ठरले. भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला सर्वांत लहान, २५० चौरस फुटांचे घर आले. गावे शहरी वसाहतीसारखी चौकोनी आखली, गल्ल्या आणि आळ्या तुटल्या. गाव ऐसपैस पसरले म्हणून नळाची लाइन लांबली. पाणी नाही म्हणून कित्येक ठिकाणी संडासात सरपण आणि कडबा भरला गेला. आणि नंतर आपण म्हणतो, लोकांना सवय नाही! पाण्याशिवाय संडास ही सवयीची नव्हे, नियोजनाची चूक आहे. याच लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरू नका.

शेवटची गोष्ट विजेच्या बिलाची. योजना पूर्ण झाली की ती ग्रामपंचायतीकडे सोपवतात. नव्या गावात घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली सुरू झालेली नसते. बिल थकते, मोटार बंद पडते आणि कागदावर मात्र 'सुविधा पूर्ण' असते.

म्हणून आजच्या मेळाव्यापुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

एक, गावठाणाचा ताबा चैत्र-वैशाखातच घ्यायचा. विहिरीचा सलग तीन दिवस उपसा करून, ती पुन्हा किती तासांत भरते ते गावासमोर मोजायचे.

दोन, पाण्याच्या हिशेबात जनावरे धरल्याशिवाय योजनेला संमती नाही.

तीन, पाया भरण्यापूर्वी प्रत्येक आळीत खड्डा खणून मुरूम किती खोल लागतो ते पाहायचे, आणि शेजार न तोडता प्लॉट वाटायचे.

चार, ताबा पावतीवर घरातल्या बाईची सही असल्याशिवाय ती पावती मानायची नाही. पाणी ती भरते, पाणी आहे की नाही हे तिनेच सांगायचे.

यात सरकारकडे भीक मागण्यासारखे काही नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन दिली, विहिरी दिल्या, देवळे आणि स्मशाने पाण्याखाली दिली. त्या पाण्यावर खाली ऊस उभा राहतो आणि शहरांचे नळ चालतात. ज्याच्या गावावरून ते पाणी गेले त्याच्या दारात टँकर उभा राहावा, हे आपण चालू देणार नाही. श्रावणातल्या पेढ्यांची चूक आम्ही एकदा केली. तुम्ही ती करू नका. सही करण्याची घाई नको. आधी विहिरीत वाकून बघा.